जिन्यावरून पडले म्हणायचं

गल्लीत तिला टाचणी म्हणत. अंगानं बारीक होतीच, पण नाव पडलं ते तोंडामुळे. काम करताना ओठांत दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि तेही मोजकंच. “वळा.” “हात वर.” “घट्ट हवाय की श्वासही घ्यायचाय?” समोरच्या किराणावाल्या काकांनी एकदा पोटावर आवळणारी पॅन्ट सैल करायला आणली. ती म्हणाली, “होईल तेवढी सैल केली, काका. आता पुढचं तुम्ही आवरा.” काका दुकानात येईल त्याला सांगत सुटले, “बाई नाही हो ती, टाचणी आहे टाचणी!” तेव्हापासून तिचं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं.

तीन मजली इमारतीच्या तळाशी, जिन्याखाली तिची खोली. पुढं मशीन, मागं कॉट, मधे पडदा. नवे कपडे ती शिवत नसे. एकानं शिवलेलं आणि दुसऱ्यानं फाडलेलं नीट करून देणं हा तिचा धंदा. चेन बदलायची, झिजलेली कॉलर उलटवून द्यायची, काखेत उसवलेलं जोडायचं, पोरं उंच झाली की दुमड सोडून पॅन्ट लांब करून द्यायची. काम चोख. कुठं जोडलंय ते शोधून सापडायचं नाही.

चाळिशी उलटली तरी एकटी. सुरुवातीला आसपासच्या बायकांनी स्थळं आणून पाहिली. “माणूस शांत आहे गं,” असं कुणी म्हटलं की ती विचारायची, “शांत म्हणजे बाहेर, की घरातसुद्धा?” बायका हसायच्या. त्यांना तो विनोद वाटायचा. तो विनोद नव्हता. हळूहळू स्थळं यायची थांबली, मग बायकाही फक्त कपडे घेऊन यायला लागल्या. मशीनचा आवाज फार वेळ आला नाही की काका समोरून ओरडायचे, “आहेस का गेलीस?” आतून उत्तर यायचं, “गेले. गर्दी करू नका.” दिवसभरात तिच्याशी कामाशिवाय बोललेलं वाक्य म्हणजे बहुतेक वेळा एवढंच.

कितीही गारठा असो, ती दार लावत नसे. जेवायची उभ्यानं, भिंतीला पाठ लावून, कुणी बघायच्या आत. आणि डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक तिकोनी डाग होता. कुणी विचारलं की ती जराशी हसून म्हणायची, “इस्त्री हो. आमच्या धंद्यात होतंच.” शिवणकाम करणाऱ्या बाईला इस्त्री लागली, यात संशय घेण्यासारखं काय आहे? कुणी घेतला नाही. तो डाग कातडीबरोबर ताणून मोठा झालाय, म्हणजे तो धंद्याच्याच काय, तिच्या वयात येण्याच्याही आधीचा आहे, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

आता तो डाग कसा पडला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

तिच्या आईबापाच्या घरी खायला होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक लगेच गरिबीवर ढकलून मोकळे होतात. बाप दवाखान्यात औषधं द्यायचा, पांढराशुभ्र शर्ट घालून. आई घर असं ठेवायची की जमिनीवर चेहरा दिसावा. दोन मोठे भाऊ. त्यांना ताटं वाढलेली, दूध गाळलेलं, गणवेश कडक. आणि ही. हिला भांड्यात उरलं तर मिळायचं, न उरलं तर नाही. झोपायला अडगळीची खोली, बाहेरून कडी. मार कशासाठी बसेल त्याचा नेम नव्हता. पाणी सांडलं म्हणून बसायचा, आणि पाणी आणलं नाही म्हणूनही. तीच का, असं विचारू नका. कारण सापडलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, जणू कारण असलं तर चालतं. कारण नव्हतं. तिला मारायचं असं घरात ठरलं होतं, जसं कचरा कुठं टाकायचा ते ठरलेलं असतं.

शेजारी शाळेतल्या एक बाई राहायच्या. मनानं चांगल्या. एक दिवस त्या घरी आल्या. आईनं चहा केला. आई हसून म्हणाली, “फार हट्टी आहे हो, खातच नाही.” बाईंनी चहाचा कप हातात धरूनच पोरीला जवळ बोलावलं आणि आईच्या समोर, अगदी समोर, विचारलं, “काय गं, आई मारते का तुला?”

पोरगी लहान होती. खरं विचारलं म्हणून तिनं खरं सांगितलं. मान हलवली.

“मुलं काय, वाटेल ते सांगतात,” बाई म्हणाल्या, चहा संपवला आणि गेल्या. आई भावांच्या गणवेशांना इस्त्री करत होती, ती इस्त्री तशीच तापलेली होती.

त्या दिवशी ती पोरगी जे शिकली ते जन्मभर तिच्या हाडात राहिलं. कुणी आपल्या बाजूनं बोललं की किंमत आपण द्यायची. दया आलेली माणसं चहा पिऊन घरी जातात. म्हणून मग तिनं स्वतःला घडवलं. आवाज न करता रडणं. चोरून खाल्लेल्याचा वास तोंडाला न ठेवणं. पाऊल कुठं ठेवलं की फरशी बोलत नाही ते. आणि कुणी काही विचारलंच तर थोडं हसून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, “जिन्यावरून पडले, चप्पल सुटली होती.” या विद्येवर ती जगली. मोठी झाल्यावर बायकांच्या वसतिगृहात जागा मिळाली, शिवणवर्गात हात बसला, ती निघून आली ती आलीच. घरच्यांनी शोधलं नाही. पुष्कळ वर्षांनी आई गेल्याचं सांगायला भाऊ आला तेव्हा ती एका कोटाचं अस्तर बदलत होती. “येतेस ना?” भावानं विचारलं. ती म्हणाली, “हा कोट आज द्यायचाय.”

वरच्या मजल्यावर शिकवणी घेणारे सर राहायला आले, ते यानंतर फार दिवसांनी.

सर म्हणजे बोलण्यात गोडवा, कपाळावर आठी नाही, मुलांचे पालक त्यांच्यासमोर हात जोडून उभे. बाहेरच्या खोलीत त्यांचा क्लास चालायचा. त्यांची बायको, गल्ली तिला मॅडम म्हणायची, येता-जाता प्रत्येकाची विचारपूस करायची. मुलगा गुटगुटीत, सायकलवाला. आणि एक मुलगी. पहिले काही दिवस लोकांना वाटलं, कामाला ठेवलेली पोर असेल. मग कळलं, मुलगीच आहे. मग लोक कुजबुजले, “सावत्र असेल.” सावत्र नव्हती. सख्खी होती, त्याच आईची, त्याच बापाची. सावत्र म्हटलं की लोकांना बरं वाटतं, आपलं घर वेगळं असं वाटतं. ते सुख इथं मिळणार नाही.

ती पहिल्यांदा खाली आली ती भावाच्या दप्तराची चेन घेऊन. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. अनवाणी. टाचणी नेमकी खात होती, उकडलेलं अंडं आणि पाव. पोरगी मशीनकडे बघत होती, भिंतीकडे, छताकडे, दोऱ्यांच्या रिळांकडे. एका अंड्याकडे सोडून सगळीकडे.

भुकेलं पोर खाण्याकडे टक लावून बघतं असं लोक समजतात. खाण्याकडे बघितलं म्हणून ज्याला मार बसलाय, ते पोर बघत नाही. टाचणीच्या हातातला पाव तिथंच थांबला.

“आत ये. दाराच्या आड उभी राहा. हे घे.”

“नको. माझं झालंय.”

“काय झालंय?”

“जेवण.”

“बरं. मग माझं संपवायला मदत कर. मला जास्त झालंय.”

पोरीनं अंडं अख्खं तोंडात घातलं. गालाला फुगवटा येऊ न देता. टाचणीनं बघितलं आणि तिला आपलीच कुणी तरी ओळखीची भेटल्यासारखं झालं.

“हळू,” ती म्हणाली. “इथं कुणी हिसकावत नाही. खाऊन झालं की पाण्यानं चूळ भर, आणि दोऱ्याचं तोंड चावल्यासारखं कर. दोऱ्याचा वास लागला की अंड्याचा येत नाही.”

पोरीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

त्यानंतर ती दुपारी यायला लागली. सरांचा क्लास भरला आणि मॅडम झोपल्या की. घरात तिला “ए” म्हणत, बाकी काही नाही. टाचणी तिला बटण म्हणायला लागली, कारण ती कापायच्या टेबलाखाली बसून सुट्या बटणांचा डबा उपसत बसायची, रंग लावायची, आकार लावायची, जोड्या जमवायची. एक जोड जमली की हळूच टेबलावर ठोकायची. वरून टाचणी एकदा ठोकून उत्तर द्यायची. टेबलाच्या खाली पोर, वर मशीन. अशी दुपार टाचणीच्या आयुष्यात आधी आलेली नव्हती.

आणि ती तिला शिकवायला लागली.

“भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मागून येणारा हात कमी होतो.”

“हो.”

“रडू आलं की तोंड उघडं ठेवायचं. बंद ठेवलं की हुंदका येतो.”

“हो.”

“हातावरचं कुणाला दिसलं तर काय सांगायचं?”

“काही नाही सांगायचं.”

“चूक. काही नाही म्हटलं की माणूस आणखी विचारतो. थोडं सांगायचं. जिन्यावरून पडले. चप्पल सुटली होती. एवढंच. आणि सांगताना जरा हसायचं, आपलं आपल्यालाच हसू आल्यासारखं. बघू.”

बटण हसली. बरं जमलं नाही.

“अगं, दात दुखतोय असं वाटतंय. मी करते बघ.” टाचणीनं करून दाखवलं. पोरगी खुदकन हसली, हे मात्र खरं हसू. टाचणी म्हणाली, “हे नको. हे माझ्यासाठी ठेव. लोकांना दुसरं द्यायचं.”

“मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. आमच्या वेळी क्लास नव्हता,” टाचणी वर बोट दाखवून म्हणाली.

त्या दोघी हसल्या. हे वाचून राग येत असेल तर यायलाच हवा. आणि त्याहून जास्त राग यावा अशी गोष्ट पुढं आहे: टाचणीला ते दिवस आवडत होते. सकाळी ती दोन अंडी उकडायची तेव्हा हात हलका असायचा. मशीन चालवताना कान जिन्याकडे. जगात एक माणूस असं होतं ज्याला तिचं सगळं समजत होतं, न सांगता. हे माणूस त्या समजुतीपर्यंत मार खाऊनच पोचतंय, हा विचार तिला येत नव्हता असं नाही. तो आला की ती एक अंडं जास्त उकडायची.

काकांनी एकदा विषय काढला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ते रस्ता ओलांडून आले. “अगं, वरच्या पोरीचं काही खरं दिसत नाही. खांदा बघितलास? कुठं तरी कळवायला हवं. मुलांच्या संरक्षणाचं खातं असतं म्हणे.”

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढून हाताशी असलेल्या छोट्या गादीत खोचल्या. तिनं टाचण्या काढल्या की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

“गप्प बसा, काका. तुमचं खातं येईल, वर जाईल, विचारेल, चहा पिऊन निघून जाईल. मग त्या दारामागं काय होईल ते तुम्हाला ऐकू येणार नाही. मला येतं. जिना माझ्या डोक्यावर आहे.”

“मग काय, मरू द्यायची पोर?”

“मी बघतेय तिच्याकडे.”

“तू काय बघतेस? अंडी घालतेस तिला?”

“उकडून,” टाचणी म्हणाली.

काकांना हसू आलं नाही. ते रस्ता ओलांडून परत गेले. फोन त्यांनीच केला. तिला न सांगता केला. बरं केलं.

खात्यातली बाई आली ती भर दुपारी, खांद्याला पिशवी, पायात चामडी बूट, चेहरा उन्हानं रापलेला. ती मूर्ख नव्हती. तिनं आईबापाच्या समोर काही विचारलं नाही. “मी मुलीशी एकटीशी बोलणार,” असं म्हणून पोरीला जिन्यात घेऊन आली, वळणावरच्या पायरीवर बसवलं. म्हणजे नेमकं टाचणीच्या डोक्यावर. खाली मशीनवर एका शाळेच्या पॅन्टची कड अर्धी घातलेली होती. टाचणीचा पाय थांबला. एकेक शब्द वरून खाली पडायला लागला.

“हाताला काय झालं गं?”

“जिन्यावरून पडले.”

“कशी?”

“चप्पल सुटली होती.” आणि थोडं हसू. अगदी बरोबर जागी.

“घरी कुणी रागावतं? मारतं?”

“नाही.” लगेच नाही, जरा थांबून. तेही टाचणीनंच शिकवलेलं, लगेच नाही म्हटलं की पाठ केल्यासारखं वाटतं.

“जेवतेस का पोटभर?”

“मला कमीच लागतं.” पुन्हा ते हसू.

हसू टाचणीचं होतं. आवाज लहान मुलीचा आणि हसू चाळिशी उलटलेल्या बाईचं. टाचणी आजवर समजत होती की आपण पोरीला ढाल देतोय. ढाल होती खरी. पण तिच्या मागं उभं कोण होतं? मॅडम उभ्या होत्या, सर उभे होते. पोरगी पुढं.

“बरं,” खात्यातली बाई म्हणाली. आवाजात दमणूक होती. अशी किती दारं ती रोज वाजवत असेल. दोघींच्या पावलांचा आवाज वर गेला. आणि मग मॅडमचा गोड आवाज, उघड्या दारातून थेट खाली:

“इतक्या उन्हात आलात, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही हं.”

कपबश्या वाजल्या.

टाचणी उठली. वर जायचं ठरवून उठली असं नाही. ती उठली तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की चहा संपला की बाई जाईल, कागदावर ‘पडली’ असं लिहिलेलं असेल, आणि पुढच्या वेळी कुणी फोन केला तर म्हणतील, एकदा चौकशी झाली होती. आणि त्या दारामागं, बाई कोपऱ्यावर पोचायच्या आत, मॅडम कडी लावतील. बोललं तरी तेच होईल कदाचित. शाळेतल्या बाई बोलल्या, त्याचं काय झालं? पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर अडला. आणि तिथं उभं राहून तिच्या लक्षात आलं: चप्पल. पोरगी कायम अनवाणी येते. पोरीला चपलाच नाहीत. आपण आपल्या लहानपणीचं खोटं जसंच्या तसं हिच्या अंगावर घातलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे मापात आणून दिले, आणि हे तेवढं एकदाही तिच्या मापाचं करून बघितलं नाही.

ती वर गेली. त्या घरात ती पहिल्यांदाच शिरली.

“काय टाचणीबाई, पॅन्ट झाली माझी?” सर म्हणाले.

“बाई,” टाचणी त्यांच्याकडे न बघता खात्यातल्या बाईला म्हणाली, “ही पोर खोटं बोलतेय.”

मॅडम हसल्या. “पाहिलंत? शेजार असा आहे आमचा.”

“तुम्हाला कसं माहीत?” बाईनं विचारलं.

“मीच शिकवलंय. जिन्यावरून पडले, चप्पल सुटली. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, सगळं मी घोटून घेतलंय तिच्याकडून.”

“का?”

“मार कमी बसावा म्हणून.”

मग सर उभे राहिले. त्यांचा आवाज अजूनही गोडच होता. “म्हणजे बघा, ही बाई आमच्या मुलीला घरात न विचारता बोलावते, खोटं बोलायला शिकवते. तक्रार लिहायची तर हिच्याविरुद्ध लिहा.”

“किती दिवसांपासून माहीत आहे तुम्हाला?” बाईनं टाचणीला विचारलं. आवाज कोरडा.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि कळवलं नाहीत.”

“नाही.”

“का नाही?”

टाचणीनं बाही वर केली. “याच्यामुळे. इस्त्रीच आहे, पण लागलेली नाही. लावलेली आहे. माझ्या आईनं. अशाच एका बाईंनी विचारलं आणि मी खरं सांगितलं, म्हणून.” हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. गळ्यातून काही मोठं निघेल असं तिला वाटत आलं होतं. निघाले ते साधे शब्द, कपड्याची लांबी सांगावी तसे. मग ती पोरीकडे वळली. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी होती.

“बटण, ते मी शिकवलेलं चुकीचं होतं. आता खरं सांग. ही बाई जाणार नाही.”

हे शेवटचं वाक्य बोलायचा तिला काही अधिकार नव्हता. बाई जाणार की नाही हे तिला कुठं ठाऊक होतं?

“मी पडले,” पोरगी म्हणाली.

“बटण...”

“मी पडले. चप्पल सुटली होती.” आणि तिनं टाचणीकडे असं पाहिलं, जसं लपलेल्या माणसानं शोधणाऱ्यांना दार उघडून देणाऱ्याकडे पाहावं.

तेव्हा टाचणी बाईकडे वळून म्हणाली, “तिच्या चपला मागा.”

“काय?”

“तिच्या चपला बघायला मागा. कुठली सुटली ती.”

“आहेत ना, आत आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून कपाटं उघडल्याचा आवाज आला, पेट्या सरकल्याचा. फार वेळ लागला. स्वतःच्या मुलीच्या चपला आणायला एवढा वेळ लागत नाही. शेवटी त्या एक जोड घेऊन आल्या. भावाचा होता. खात्यातल्या बाईनं तो पोरीच्या पायाशी ठेवला. पाय आतमध्ये पोहायला लागला.

बाईनं अर्धा प्यालेला चहा खाली ठेवला. “आता घर दाखवा,” ती म्हणाली. “आणि मुलगी कुठं झोपते ते.”

न्हाणीघराच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि आत अंथरलेलं एक गोणपाट.

पुढचं भराभर झालं. फोन, गाडी, दवाखाना. सर पालकांना फोन लावत होते, मोठ्या ओळखीची नावं घेत होते. मॅडम रडत होत्या, तोंड बंद ठेवून, मोठमोठ्या हुंदक्यांनी. पोरगी बाईच्या हाताला धरून जिना उतरली. टाचणी आपल्या दारात उभी होती. तिच्यासमोरून जाताना पोरगी थांबली.

“तुम्हीच म्हणाला होतात, कुणाला सांगायचं नाही.”

एवढं बोलून ती गाडीकडे चालायला लागली, अनवाणीच.

गल्लीनं टाचणीला सोडलं नाही. “चांगल्या घराचं वाटोळं केलं,” एक पालक दारात येऊन म्हणाला, “परीक्षा तोंडावर आली आणि सरांचा क्लास बंद!” एकीनं दुरुस्तीला टाकलेले पडदे तसेच परत नेले. दुसऱ्या बाजूचे म्हणत, “इतके दिवस माहीत असून गप्प बसली, ही कसली बाई?” दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, पण टाचणीकडे कपडे न टाकण्यावर त्यांचं एकमत होतं. काका तेवढे येत. दारात उभे राहून म्हणत, “फोन मी केला होता.” ती म्हणे, “माहीत आहे.” मग काका रस्ता ओलांडून परत जात.

तिनं खात्याच्या कचेरीत जाऊन जबाब दिला. पोरीला भेटता येईल का, असं विचारलं. नाही म्हणाले. खटल्यात टाचणी साक्षीदार होती, शिवाय पोरीनंच नको म्हटलं होतं. मुलांच्या निवासात ती खात होती, झोपत होती, पण विचारलं की एकच: पडले. डॉक्टरांनी सगळं लिहून दिलं तरी पडले. टाचणीचं काम असं चोख होतं.

टेबलाखाली ती बघत नसे. दुपारी कान आपोआप जिन्याकडे जायचे. वरची मंडळी घर सोडून गेली होती, जिन्यावरून ते अनवाणी पाऊल उतरत नव्हतं. एक अंडं ती उकडायची आणि बऱ्याचदा तेही राहायचं.

हिवाळा सरता सरता खात्यातली बाई एकदा आपणहून आली. हातात शिवायला काही नव्हतं. स्टुलावर बसली. टाचणीनं चहा विचारला नाही. बाईनं मागितलाही नाही.

“बोलली ती,” बाई म्हणाली. “परवा. निवासातल्या ताईजवळ आधी, मग माझ्याजवळ. सगळं सांगितलं. कडी, उपास, बापानं काय केलं, आईनं काय केलं. आता खटला टिकेल.”

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढल्या.

“तुमच्याबद्दलही बोलली. ते तुम्हाला आधीच सांगावं म्हणून आले. कोर्टात वाचलं जाईल.” बाईनं पिशवीतून कागद काढला. “म्हणाली, खालच्या मावशी मला खायला द्यायच्या. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला खोटं बोलायला त्यांनी शिकवलं. तुम्हाला यावर प्रश्न विचारतील. त्या घरचा वकील तर सोडणारच नाही. तुम्हाला यातलं काही खोडायचंय?”

“एकही शब्द नाही,” टाचणी म्हणाली. “खरं बोलली ती.”

बाहेर काकांच्या दुकानात कुणीतरी साबण मागत होतं.

“तिला काही निरोप द्यायचा असेल तर मी पोचवीन,” बाई जरा मवाळ होऊन म्हणाली. “भेटायचं नाही म्हणते, पण निरोप घेईल.”

टाचणीनं तोंड उघडलं. मनात पुष्कळ होतं. माझं चुकलं. तू बरोबर केलंस. मी बाही वर केली ती तुझ्यामुळे केली. कोर्टात घाबरू नकोस, वकील ओरडला तर त्याच्या डोळ्यांत बघ. शेवटचं वाक्य जिभेवर आलं आणि ती दचकून थांबली. पुन्हा तेच. पुन्हा शिकवणं.

“नको,” ती म्हणाली. “माझ्याकडचं काही तिला देऊ नका. तिनं आपल्या मनानं सांगितलंय, तसंच राहू दे.”

बाईनं मान डोलावली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. टाचणी बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. चाक फिरलं नाही. समोरून काकांनी हाक मारली, “आहेस का गं?” तिनं ऐकलं आणि काढलेल्या टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. काका थोडा वेळ वाट बघत उभे राहिले, मग त्यांना गिऱ्हाईक आलं.